पोलादातील सिलिकेचा माग

मोटारीच्या टायरला बळकटी देणाऱ्या पोलादी तारा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या असतात. जाड सळी ओढत ओढत इतकी बारीक करताना तिच्यात एखादा कठीण कण असेल, तर तार तिथेच तुटू शकते. असे काही कण सिलिकेचे, म्हणजे वाळूचा मुख्य घटक असलेल्या सिलिकॉन डायऑक्साइडचे असतात.

पोलादात सिलिका दोन वाटांनी येते. वितळलेल्या रसात विरघळलेला ऑक्सिजन काढण्यासाठी त्यात सिलिकॉन घालतात. दोघांच्या संयोगातून सिलिका तयार होते. हलकी असल्याने ती बहुतांशी तरंगत वरच्या मळीत जाते. काही कण मात्र रसातच राहतात. दुसरी वाट बाहेरची. भट्टीच्या अस्तराच्या विटा किंवा साच्यातील वाळू झिजून तिचे कण रसात मिसळतात. कण कोणत्या वाटेने आला, यावर उपाय ठरतो.

रासायनिक विश्लेषणात दोन्हींचे उत्तर एकच येते : सिलिकॉन आणि ऑक्सिजन. फरक असतो तो अणूंच्या मांडणीत. तो अवरक्त वर्णपटात दिसतो.

यासाठी पोलादाचा तुकडा ब्रोमीन मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये विरघळवतात. लोह विरघळते, सिलिका उरते. हा साका गाळून, धुऊन पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत खलतात आणि दाबाखाली त्याची पारदर्शक चकती करतात. साधारण एक मिलिग्रॅम साकाही पुरतो. चकतीतून अवरक्त किरण सोडले, की सिलिकॉन-ऑक्सिजन बंध आपल्या कंपनांशी जुळणारे किरण शोषून घेतात.

नऊ मायक्रोमीटरच्या आसपासचे शोषण सिलिकेच्या सर्व नेहमीच्या रूपांत आढळते. क्वार्ट्‌झ मात्र १२.५ आणि १२.८ मायक्रोमीटरला जोडखूण उमटवते. क्रिस्टोबलाइटची खूण १६ मायक्रोमीटरजवळ असते. काचेसारख्या सिलिकेत या दोन्ही खुणा नसतात. रसात जन्मलेली सिलिका सहसा काचेसारखी किंवा क्रिस्टोबलाइट असते; म्हणून क्वार्ट्‌झ दिसले, की संशय बाहेरच्या वाळूवर जातो. क्रिस्टोबलाइट मात्र तापलेल्या विटेतूनही येऊ शकते. तेव्हा सूक्ष्मदर्शकाची साक्षही काढावी लागते.

क्वार्ट्‌झची हीच जोडखूण कामगारांच्या आरोग्यासाठीही वापरतात. खाणी आणि ओतशाळांतील हवेत क्वार्ट्‌झची धूळ किती आहे, हे तिच्यावरून मोजता येते. ही धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. त्याने झालेली हानी भरून येत नाही, त्यामुळे धूळ वेळीच ओळखणे हाच खरा बचाव ठरतो.