सेवाग्रामहून ‘ऑल इंडिया’ला

शाळेत सक्ती होईपर्यंत आपण क्रिकेट-फुटबॉलच्या वाटेलाही गेलो नव्हतो, असं गांधीजींनी आत्मकथेत सांगून टाकलंय. ते १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या शेगावात राहायला आले, त्याच पुढे सेवाग्राम झालेल्या गावात आज एक वैद्यकीय आणि एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोन्हींकडे समजा फुटबॉलचा एकेक तरबेज फॉरवर्ड निघाला. दोघांनाही देशपातळीवर खेळायचंय. पण दोघं एका संघात येणारच नाहीत!

कारण आपल्याकडे महाविद्यालयांची म्हणून अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा नाही. आहे ती विद्यापीठांची. भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली होणाऱ्या या स्पर्धेचा पुरुषांचा करंडक कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा. बापूराव देशमुख अभियांत्रिकीचा मुलगा नागपूर विद्यापीठाच्या ट्रायलला जाणार. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ ची, पण आज तिची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणून तिथल्या मुलाची वाट नाशिकची. वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ आणि सावंगीचं अभिमत विद्यापीठ आणखी वेगळी. एवढ्याशा टापूतली पोरं चार विद्यापीठांत वाटली गेलेली.

अमेरिकेत उलट. तिथे महाविद्यालयीन सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासून आहे, पहिलं विजेतेपद सेंट लुईसचं, आणि संघ थेट आपल्या शिक्षणसंस्थेच्या नावानं अंतिम सामन्यापर्यंत जातो. आपल्याकडे महाविद्यालयाचं नाव आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतच संपतं. पुढे सिलेक्शन, विद्यापीठाची जर्सी, ‘कलर’ची ऐट आणि वेस्ट झोन. तिथे गोव्याशी गाठ. प्रत्येक विभागातले पहिले चार ऑल इंडियाला.

मला ही रचना अगदीच वाईट वाटत नाही. ज्या कॉलेजात अकरा जण जमवताना पीटी सरांची दमछाक होते, तिथला एखादा चांगला गोलकीपर अमेरिकी पद्धतीत घरीच बसला असता. इथे त्याला निदान वर जायला फट आहे. तोटा मात्र खरा : आपलं कॉलेज म्हणून ओरडायला मागे कुणी नसतं. मलप्पुरममधल्या तेंहिपालमला कालिकत विद्यापीठाचा संघ आजूबाजूच्या गावांना आपला वाटतो. आमच्याकडे नागपूर विद्यापीठाचा संघ कुठे खेळतोय, हे वर्ध्यात विचारून पाहा.

विदर्भात फुटबॉलची ओल खरी कामठीत; छावणीच्या गावानं खेळ जपला. वर्ध्याकडे काळी जमीन, पावसात चिखल नि उन्हाळ्यात भेगा. मुरूम टाकलेलं मैदान असलं तर नशीब.

आणि ज्यांचं नाव कुठल्याच कॉलेजात नाही, त्यांचं काय? नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या अशाच पोरांना घेऊन २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ उभं केलं. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला. ही पोरं पुढे होमलेस वर्ल्डकपपर्यंत पोचली. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धाही सुरू आहेत, पण तिथे शिरायलाही आधी प्रवेशाची पावती लागते.