खांब आपल्या गावी गेला

संग्रहालयात आपण आधी वस्तू पाहतो, मग तिच्याखालची चिठ्ठी वाचतो. वस्तू कुठली, किती सालची, कशाची, एवढे त्या चिठ्ठीवर असते. ती तिथवर आली कशी, हे मात्र बहुधा नसते. आयुष्याची बरीच वर्षे बँकेत सोनेतारण आणि लॉकर सांभाळण्यात गेल्यामुळे असेल, माझे लक्ष नेमके त्या न लिहिलेल्या ओळीकडे जाते. वस्तू कोणाच्या ताब्यात आहे आणि ती कोणाची आहे, हे दोन वेगळे प्रश्न असतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, हाइस्ला नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांचा एक प्रमुख ग्प्सगोलॉक्स याची मुले आणि आप्तेष्ट देवीच्या साथीत गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्याने १८७२ मध्ये किटलोपच्या खोऱ्यात, मिस्कुसा या गावी, सीडरच्या लाकडाचा नऊ मीटर उंच कोरीव खांब उभारला. आपल्याकडच्या वीरगळासारखेच हे स्मारक. फरक एवढाच, की ते दगडाचे नव्हे, लाकडाचे.

१९२९ साली स्वीडनच्या एका कॉन्सलने सरकारी परवानगी मिळवून तो खांब बुडापासून कापला आणि स्टॉकहोमला धाडला. हाइस्लांचे म्हणणे, आम्ही तो कोणाला दिलाच नव्हता. तिकडे तो कित्येक वर्षे गोदामात पडून राहिला आणि १९८० मध्ये संग्रहालयाच्या नव्या इमारतीत उभा झाला. १९९१ साली हाइस्लांचे शिष्टमंडळ तिथे जाऊन पोहोचले. त्यांनी भांडण मांडले नाही. ‘आमचा खांब द्या, आम्ही तुम्हाला तसाच दुसरा कोरून देतो,’ असा त्यांचा सांगावा होता. १९९४ मध्ये स्वीडन सरकारने होकार दिला. नवे खांब कोरले गेले. एक मिस्कुसाला उभा राहिला, एक स्टॉकहोमला गेला. मूळ खांब २००६ मध्ये मायदेशी आला.

पण गोष्ट इथे संपत नाही. खांब सुरक्षित इमारतीत ठेवावा, अशी संग्रहालयाची अपेक्षा होती. हाइस्लांची रीत निराळी. खांब उभा राहतो, झिजतो, एक दिवस पडतो आणि मातीला मिळतो. स्मारकालाही मरण असते, असे ते मानतात. काही वर्षे तो किटिमॅट शहरातल्या एका बाजारसंकुलात राहिला. अखेर २०१२ मध्ये तो मिस्कुसाच्या जुन्या दफनभूमीकडे नेण्यात आला.

मग जतन म्हणजे काय? लाकूड टिकवणे, की त्या लाकडाचा अर्थ टिकवणे? दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे आहे. पण तो खांब ज्यांच्या दुःखातून उभा राहिला, त्यांचा शब्द शेवटचा, हे मला पटते.

किटिमॅट हे अॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी १९५०च्या दशकात वसवलेले गाव. तिथल्या छोट्या संग्रहालयातही हाइस्लांच्या वस्तू आहेत. अशा स्थानिक संग्रहालयाचे मोल वेगळेच. जवळच्या किटामाट गावातली नात तिथे सहज जाऊन पणजीच्या काळची कारागिरी पाहू शकते, त्यासाठी तिला समुद्र ओलांडावा लागत नाही.

आपल्या घरातही आजीचा तांब्या असतो, आजोबांचा अडकित्ता असतो. तो कोणाचा, कुठून आला, हे सांगणारे माणूस अजून घरात आहे तोवर एक चिठ्ठी लिहून ठेवावी. आज रविवारच आहे.