पाणी आणि पोर



गावात एखादे पोर बुडाले की आपण हळहळतो आणि म्हणतो, ‘त्याची वेळच भरली होती.’ पण ज्यांनी या गोष्टीचा नीट शोध घेतला, त्यांना वेगळेच दिसले. बुडण्याला ठराविक वेळ असते, ठराविक जागा असते. म्हणूनच ते टाळताही येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचे ते तिसरे मोठे कारण आहे.

बांगलादेशात घरामागेच तळे असते. तिथल्या संशोधकांनी खेडोपाडी जाऊन विचारले, मूल केवढे होते? कधी बुडाले? जवळ कोण होते? उत्तरे सारखीच आली. बहुतेक मुले नुकती चालू लागलेली. वेळ सकाळी ९ ते दुपारी १ ची. आई चुलीपाशी, बाप शेतावर, आणि तळे हाकेच्या अंतरावर.

मग उपायही त्या वेळेलाच धरून केला. वस्तीतल्या एका घरी लहान मुलांना सकाळभर सांभाळायचे आणि त्यासाठी गावातलीच एक बाई तयार करायची. मोठ्या मुलांना तळ्यातच बांबूचे कुंपण घालून पोहायला शिकवायचे. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांभाळघरात येणाऱ्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले होते! २०२२ साली तिथल्या सरकारने अशी ८,००० केंद्रे काढण्याची योजना मंजूर केली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याकडे विहिरी आहेत, पाण्याने भरलेल्या दगडखाणी आहेत, आणि अलीकडे शेततळीही झाली आहेत. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा, की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. म्हणून तळ्याला कुंपण घाला, आणि गाठी मारलेले दोर चारी बाजूंनी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. खर्च थोडा, पण जीव वाचतो. सुगीच्या दिवसांत शेजारणींनी पाळी लावून एकीने सगळ्यांची पोरे सांभाळावी.

पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकवण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे. मात्र जाणते माणूस जवळ हवे.

आणखी एक गोष्ट मुलांना पक्की सांगा. मित्र बुडताना दिसला तर उडी मारू नका; बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. आरडाओरडा करा, दोर, धोतर, रिकामी घागर, हाताला येईल ते टाका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा, छाती दाबावी, आणि दुसऱ्याने लगेच १०८ नंबरला फोन करावा. हे कसे करायचे ते आरोग्य केंद्रातून आधीच शिकून घ्यावे.

गुरुजी आणि बाई, उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी एक दिवस मुलांना घेऊन शिवारातून फिरा. कठडा नसलेली प्रत्येक विहीर, कुंपण नसलेले प्रत्येक तळे मुलांकडूनच नकाशावर मांडून घ्या, आणि तो नकाशा ग्रामसभेत ठेवा. मालकाला नावानिशी विचारा, कठडा कधी बांधता?