गाडीवरचा टेपचा चिकटा आणि पेट्रोलचा बोळा

लग्नसराई सरत आली की गाडीवरचा टेपचा चिकटा कसा काढायचा, हा प्रश्न हमखास कानावर येतो. वरातीची गाडी सजवताना हार, जरीच्या झिरमिळ्या, वधूवरांच्या नावांची पाटी, सगळं सेलोटेपने डकवलेलं असतं. फुलं दुसऱ्या दिवशी उतरतात, टेप मात्र मे महिन्याच्या उन्हात राहून जाते. पुढे ती ओढायला जावं तर वरचं प्लास्टिक तुकड्यातुकड्यांनी हातात येतं आणि गोंद पत्र्यावर तसाच राहतो. मग शेजारी, मेहुणा, सोसायटीचा वॉचमन, कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: "पेट्रोलचा बोळा फिरवा, लगेच निघेल."

हा सल्ला वाईट आहे. तो इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की खोडून काढणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, पण दरवर्षी कुणाच्या तरी गाडीचा दिवा पांढुरका होतो, म्हणून पुन्हा सांगायलाच हवं.

त्यातलं खरं आधी मान्य करू. सेलोटेप किंवा मास्किंग टेपचा गोंद पुष्कळदा रबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा असतो. तो पाण्यात विरघळत नाही, पेट्रोलमध्ये विरघळतो. त्यामुळे बोळा फिरवताच चिकटा सुटल्यासारखा वाटतो आणि सल्ला खरा ठरल्याचा आनंद होतो. घोटाळा पुढे आहे. पेट्रोल गोंदात मुरण्याआधीच उडून जातं. अर्धवट सुटलेला गोंद पत्र्यावर पातळ पसरतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. मग आपण जोर लावून घासतो, आणि त्या धुळीनेच रंगावर बारीक गोल ओरखडे उठतात. दोष मात्र टेपला दिला जातो.

"माझ्या गाडीला तर काहीच झालं नाही," हे लगेच ऐकवलं जातं. नसेलही झालं. कारखान्यात दिलेला रंग भट्टीत साधारण १४० अंशांना भाजून घट्ट केलेला असतो, त्यावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, आणि तो थर पेट्रोलचा घटकाभर स्पर्श सहसा सोसतो. पण गाडी म्हणजे नुसता कारखान्याचा रंग नव्हे. कधीतरी ठोकर बसून बंपर किंवा दार गॅरेजमध्ये रंगवलेलं असतं. तो रंग कुठला, किती वाळलेला, हे मालकाला ठाऊक नसतं. पुढच्या दिव्यांची काच ही काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट असतं, आणि मागचे लाल दिवे बहुधा ॲक्रिलिकचे. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर यांनी या प्लास्टिकला केसासारख्या बारीक चिरा पडतात किंवा ते धुरकट होतं. अशी चीर पॉलिशने जात नाही, दिवाच बदलावा लागतो. खिडक्यांभोवतीचं रबरही पेट्रोलने फुगतं आणि कडक होतं.

हे सगळं गाडीचं झालं. आता माणसाचं. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ती पेटायला तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये जमिनीलगत साचते. तिथे उघड्या डब्यात पेट्रोल घेऊन, शेजारी विडी ओढणारा माणूस उभा असताना गाडी पुसणारे लोक सर्रास दिसतात. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. बीएस-६ मानकांत त्याला आकारमानाच्या १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बेंझीनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. एकदा हात बुडवल्याने कुणाला कर्करोग होतो असं नाही. पण रोज दहा गाड्या पुसणाऱ्या मुलाच्या हातात आपण तो बोळा का द्यायचा?

मग करायचं काय? कोकणात फणस फोडण्याआधी हाताला खोबरेल लावतात, कारण चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. टेपच्या गोंदाचंही तेच. आधी गाडी सावलीत आणून धुवायची, म्हणजे धूळ जाईल. टेप अजून शिल्लक असेल तर हेअर ड्रायरने कोमट करायची आणि स्वतःवर दुमडत, पत्र्यालगत, सावकाश ओढायची. ऊब लागली की गोंद मऊ होतो आणि पुष्कळदा टेपबरोबरच येतो. मागे उरेल त्यावर खोबरेल किंवा निलगिरी तेलाचं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्यायचं. काम ही मिनिटं करतात, मनगट नव्हे. गोंद फुगला की अंगठ्याने हलकेच लोटायचा, मऊ फडक्याने उचलायचा, फडक्याची बाजू दर वेळी बदलायची. शेवटी गाडीच्या शाम्पूने तेलकटपणा धुऊन वॅक्सचा हात द्यायचा. गोंद फारच जुना असेल तर गाडीच्या सामानाच्या दुकानात डांबर काढायचा द्राव मिळतो. तोही आधी दाराच्या आतल्या कडेला थोडासा लावून पाहावा.

थिनर मात्र दूरच ठेवा. तो रंग पातळ करण्यासाठीच बनवतात, आणि गॅरेजने मारलेल्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटला तो लागला की फडक्यावर गोंदाबरोबर रंगही येतो.

आता अशाच आणखी काही समजुती. "डब्ल्यूडी-४० स्प्रेने सगळं निघतं." बरंच निघतं, पण मागे तेल राहतं, ते धुतलं नाही तर धूळ पुन्हा चिकटते.

"ब्लेडने अलगद खरवडायचं." रंगावर कधीच नाही. संपूर्ण रंगाची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर असते आणि क्लिअर कोट त्याच्याही निम्म्याहून कमी. काचेवर ओली करून आडवी ब्लेड चालते. पण मागच्या काचेला आतून धुकं घालवणाऱ्या तारा छापलेल्या असतात, तिथे तीही नको. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर घाईघाईने फिल्म खरवडताना अनेकांनी या तारा तोडून घेतल्या.

"खोबरेलाने सगळेच गोंद जातात." नाही. दारावरच्या बीडिंगमागे किंवा कंपनीच्या चिन्हामागे जाड फोमची डबल टेप असते. तिचा गोंद ॲक्रिलिकचा, तो तेलाला सहजी बधत नाही. तिथे ऊब द्यायची, मासे धरायचा नायलॉनचा दोरा मागून पुढे-मागे ओढत फोम कापायचा, आणि उरलेला थर अंगठ्याने गोळा करत उचलायचा.

"रंगावर टेप लावणंच चूक." ही दुसऱ्या टोकाची समजूत. मास्किंग टेपचा जन्मच गाड्यांसाठी झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची हौस होती, आणि दोन रंगांमधली रेघ स्वच्छ यावी म्हणून थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये ती तयार केली. कामापुरती लावून काढली तर ती काही बिघडवत नाही. उन्हात विसरली की गोंद मऊ होऊन रंगाला घट्ट बिलगतो, पुढे हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतो.

आणि एक. सगळं निघालं, तरी टेपच्या आकाराचा डाग दिसतो आणि लोक तिथे पुन्हा तेल, पुन्हा पेट्रोल चोळत बसतात. बोट फिरवून पाहा. जागा गुळगुळीत लागत असेल तर तिथे गोंद उरलेलाच नाही. टेपखालचा रंग उन्हापासून वाचला आणि भोवतालचा विटला, एवढंच झालेलं आहे. कुठल्याही द्रावाने तो डाग जाणार नाही. भोवतालच्या भागाला हलकं पॉलिश केलं तर फरक कमी होतो.