परसबाग : घरच्या भाजीतून गावाचे बळ

वाशिम हा शेतीवर जगणारा जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस ही येथील प्रमुख पिके. हंगामात बाजार समित्यांची आवारे या मालाने भरून जातात. असे असूनही ज्या घरातून हा माल निघतो, त्या घरातील ताटात हिरवी भाजी रोज असतेच असे नाही. शेतकऱ्यानेच भाजीसाठी आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. परसबागेकडे केवळ हौस म्हणून न पाहता गावाच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून पाहणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

धुऱ्यावरची भाजी

सोयाबीन येण्यापूर्वी या भागातील खरीप मुख्यतः ज्वारी, कापूस, तूर, मूग व उडीद यांचा असे. शेतात एकच पीक क्वचितच घेतले जाई. मुख्य पिकाच्या तासांमध्ये अंबाडी, बरबटी, तीळ व वाळूक यांना जागा असे, तर धुऱ्यावर वाल व शेवगा असे. निंदणाच्या दिवसांत तरोटा, चिवळ यांसारख्या रानभाज्या ओच्यात घेऊनच महिला घरी परतत. या भाजीला कोणी पीक म्हणत नसे, तिची नोंद कोठे होत नसे. परंतु घराचे कालवण तिच्यावर चालत असे.

१९९० नंतर सोयाबीनचा विस्तार झपाट्याने झाला. या पिकाने रोख पैसा दिला आणि रब्बीसाठी शेत लवकर मोकळे करून दिले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र सलग पेरणीत भाजीच्या ओळींना जागा उरली नाही, तणनाशकांबरोबर रानभाज्याही कमी झाल्या आणि ज्वारीचा पेरा घटल्याने अनेक घरांत धान्यसुद्धा विकतचे आले. सोयाबीन हे घरच्या चुलीवर शिजणारे पीक नव्हे. ते विकूनच ताट भरावे लागते. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारातील दर बराच काळ त्याखाली राहिले. अशा वेळी घरखर्चात पहिली काटछाट होते ती भाजी, फळे व दूध यांवर.

संकटांनी दिलेला धडा

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला परदेशातून आलेली मिलो ज्वारी खावी लागली आणि दुष्काळी कामांवरील मजुरांना सुकडी वाटावी लागली. पुढे २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा धान्य रेशन दुकानांतून मिळत राहिले. पण आठवडी बाजार बंद पडल्याने भाजीची आवक तुटली. पहिल्या प्रसंगी पाऊस नव्हता, दुसऱ्या प्रसंगी रस्ता व बाजार बंद होता. दोन्ही वेळी ज्या घराशेजारी थोडेबहुत पिकत होते, त्या घराला तेवढा आधार राहिला.

अन्य देशांचा अनुभवही असाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुमारे दोन कोटी घरगुती व सार्वजनिक बागा उभ्या राहिल्या आणि ताज्या भाजीपाल्याचा सुमारे ४० टक्के वाटा त्यांनी उचलला, असा अंदाज आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर क्यूबाची आयात कोसळली, तेव्हा हवाना शहराने मोकळ्या जागांवर भाजी पिकवून टंचाईला तोंड दिले.

ताटातील उणीव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तथापि आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाच्या आदर्श ताटात पालेभाज्यांसह ४०० ग्रॅम भाज्या दर्शविल्या आहेत. या मापाने पाच माणसांच्या कुटुंबाला रोज दोन किलो भाजी लागेल. ही सर्व गरज लहानशा परसबागेतून भागेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पालेभाजी, शेवगा, लिंबू, मिरची, कोथिंबीर आणि एखादी वेलभाजी एवढे घरचे मिळू शकते आणि ताटात नेमके हेच कमी पडते. पालेभाजीबरोबर लिंबू घेतल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात अधिक शोषले जाते.

आखणी

परसबागेसाठी पाव ते अर्धा गुंठा जागा पुरते. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात वाफे करण्याची गोलाकार पद्धत अलीकडे प्रचारात आली आहे. मध्यभागी पपई किंवा शेवगा, भोवती वाफे आणि कुंपणावर दोडका, कारले, वाल यांचे वेल, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. जागा चौकोनी असल्यास वाफेही चौकोनी करावेत. आकाराला फार महत्त्व नाही. महत्त्व आहे ते पेरणीच्या अंतराला. सर्व वाफे एकाच दिवशी पेरल्यास भाजी एकाच आठवड्यात निघते आणि मग महिनाभर काहीच मिळत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर यांची पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने केल्यास तोडणी सतत चालू राहते.

गावठाणात अंगणही नसलेली कुटुंबे, तसेच तांड्यांवरील व भूमिहीन कुटुंबे या विचारातून वगळली जाऊ नयेत, कारण विकतच्या भाजीचा भार त्यांच्यावरच सर्वाधिक असतो. रिकाम्या पोत्यांत माती व शेणखत भरून वांगी, मिरची घेता येतात. छपरावर किंवा भिंतीवर कोहळ्याचा वा वालाचा वेल चढविता येतो.

पाण्याचा हिशेब

परसबाग लावणे सोपे, ती फेब्रुवारीनंतर जगविणे कठीण. जिल्ह्यातील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाळ्यात उत्साहाने लावलेल्या बागा उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळतात, तेव्हा दोष बहुधा कुटुंबाच्या आळसाचा नसून पाण्याच्या नियोजनाचा असतो.

हा हिशेब साधा आहे. जल जीवन मिशनच्या निकषानुसार माणशी ५५ लिटर पाणी धरल्यास पाच माणसांच्या घरात रोज २७५ लिटर पाणी येते. त्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे दीडशे लिटर पाणी न्हाणी व मोरीतून बाहेर पडते. भाजीच्या वाफ्याला हिवाळ्यात प्रति चौरस मीटर रोज चार-पाच लिटर पाणी पुरते. म्हणजे या सांडपाण्यावर सुमारे ३० चौरस मीटरची बाग हिवाळाभर जगू शकते. उन्हाळ्यात पाण्याची गरज वाढते, म्हणून वाफे कमी करावेत, उरलेल्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि दुपारची सावली धरावी.

साबणाचे पाणी थेट पालेभाजीला देऊ नये. विटांचे तुकडे, खडी व वाळू यांचे थर असलेल्या लहान खड्ड्यातून ते गाळून घ्यावे आणि प्रथम केळी, अळू, पपई, शेवगा यांना द्यावे. भाजी व धान्य धुतलेले पाणी पालेभाजीच्या वाफ्यांसाठी वेगळे ठेवावे. यामुळे गल्लीत साचणारी डबकी व डासही कमी होतात.

बियाणे घरचे असावे

दरवर्षी फुकट वाटलेल्या पाकिटावर अवलंबून असलेली बाग वाटप थांबताच थांबते. संकरित वाणाचे बी धरून पुन्हा पेरल्यास मूळ गुण टिकत नाहीत. सरळ व देशी वाणांचे बी मात्र घरी धरता येते. वाल, बरबटी व टोमॅटो यांच्यात परपरागीकरण कमी होत असल्याने सुरुवात त्यांच्यापासून करावी. कोहळे, दोडका यांचे बी धरताना जवळपास त्याच जातीचे दुसरे वाण नसावे. निरोगी झाडावरील फळ पूर्ण पिकू द्यावे, बी सावलीत सुकवावे आणि राख लावून कोरड्या डब्यात ठेवावे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांनी याच मार्गाने देशी बियाण्यांचा संग्रह उभा केला. पुढे बायफ संस्थेचे साहाय्य लाभून त्यातून बियाणे बँक साकारली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे जपण्याचा व देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही मान्य केला आहे.

शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत

शालेय पोषण परसबागांबाबत केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळेची बाग मुलांच्या ताटाला भाजी देते, त्याचबरोबर विज्ञान, गणित व परिसर अभ्यास यांची प्रयोगशाळाही ठरते. तथापि उन्हाळी सुटीत ती सांभाळणार कोण, हे आधी ठरले पाहिजे. जुलै ते फेब्रुवारी एवढाच काळ धरून आखणी करणे आणि सुटीत केवळ शेवगा, हादगा, लिंबू ही झाडे जगविणे अधिक व्यवहार्य होय.

‘उमेद’ अभियानातील बचत गटांनी ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेतून हा विचार घरोघर नेला आहे. करडा (ता. रिसोड) येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचे तांत्रिक मार्गदर्शन जिल्ह्याला जवळ आहे. या सर्वांना एकत्र आणण्याचे काम ग्रामपंचायतीचे. गावात किती घरांत परसबाग आहे, त्यांपैकी मार्च महिन्यात किती हिरव्या राहिल्या, कोणाकडे कोणते बी आहे, सांडपाणी कोठे वाया जाते आणि कोणत्या कुटुंबाला जागा नाही, एवढ्या पाच नोंदी ग्रामसभेपुढे दरवर्षी याव्यात. त्यांच्या आधारे विकास आराखड्यात गाळण खड्डे, कुंपण व सार्वजनिक वाफ्यांची जागा यांची तरतूद करता येईल.

परसबागेचे काम घरातील स्त्रीच्या आधीच भरलेल्या दिवसात आणखी एक भर ठरू नये, याचीही काळजी घ्यावी लागेल. पाणी देणे, वाफे खणणे, कुंपण घालणे यात पुरुषांचा व मुलांचा वाटा ठरलेला असावा.

परसबाग दुष्काळ थांबवू शकत नाही, की बाजारभावही ठरवू शकत नाही. परंतु पाऊस लांबला, भाव पडला वा रस्ता बंद झाला, तरी चुलीवर भाजी शिजत राहील एवढी हमी ती देऊ शकते. अशी हमी असलेली घरे ज्या गावात अधिक, ते गाव संकटात अधिक काळ तग धरते. म्हणून परसबागांचे यश लावलेल्या बागांच्या संख्येवरून न मोजता उन्हाळ्यात टिकलेल्या बागांवरून मोजणेच योग्य होईल.