‘मिलिटरी ग्रेड’ बंपर आणि राजगडचा कातळ

भोरच्या बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानात जाऊन बारीक, फोनच्या फक्त कडा झाकणारं बंपर कव्हर मागा. काउंटरवर चार-पाच प्रकार पडतात आणि त्यातल्या एकावर बोट ठेवून हमखास ऐकवलं जातं, “हे घ्या साहेब, मिलिटरी ग्रेड. आर्मीनं पास केलंय. दुसऱ्या मजल्यावरून टाका, काही होणार नाही.” हेच वाक्य गुंजवण्यात राजगडाच्या पायथ्याशी गाडी लावणारी पोरं एकमेकांना सांगतात आणि फोन हातात उघडा धरून चोरदरवाज्याची वाट चढायला लागतात.

कुठल्याही लष्करानं ते कव्हर पास केलेलं नाही. ना आपल्या, ना अमेरिकेच्या.

पाकिटावर छापलेलं ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका दस्तऐवजाचं नाव आहे. पहिला १९६२ सालचा, ‘जी’ आवृत्ती २००८ची, ‘एच’ २०१९ची. लष्करी सामान ऊन, पाऊस, धूळ, हादरे सोसेल का, हे कसं तपासावं याच्या पद्धती त्यात दिल्या आहेत. पद्धत कोणीही वापरू शकतो. कव्हर बनवणारी कंपनी स्वतः चाचणी घेते किंवा पैसे भरून एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेते आणि पाकिटावर छापून मोकळी होते. दुकानात विकायच्या कव्हरवर शिक्का मारणारं खातं कुठेही नाही.

बरं, चाचणी घेतली असं धरून चालू. ‘जी’ आवृत्तीत हातात वागवायच्या वस्तूंसाठी ती अशी आहे: १२२ सेंटीमीटर उंचीवरून २६ वेळा टाकायचं, म्हणजे सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे प्रत्येकी एकदा. हे २६ आपटे पाच नगांत वाटून घ्यायला परवानगी आहे. म्हणजे एका नगाच्या वाट्याला पाच-सहा. आणि टाकायचं कशावर? काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंची प्लायवूडवर! आता मला सांगा, भोर-वेल्ह्यात कोणाच्या घरात प्लायवूडची जमीन आहे? इथं शहाबादी फरशी आहे, कोबा आहे, एसटी स्टँडचं डांबर आहे आणि गडावर काळा कातळ आहे. दुसरा मजला तर सोडूनच द्या. १२२ सेंटीमीटर म्हणजे आपली छाती.

मग बंपर कामाचाच नाही? आहे, पण कारण वेगळं आहे. छातीच्या उंचीवरून सुटलेला फोन जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर सगळा खेळ आहे. दोनशे ग्रॅमचा फोन एका मिलिमीटरमध्ये थांबला तर त्याच्यावर सरासरी २४० किलो वजनाइतका जोर येतो. तोच तीन मिलिमीटरमध्ये थांबला तर ८० किलोचा. पेंढ्याच्या गंजीवर उडी मारली तर पाय मोडत नाही आणि खळ्यावर मारली तर मोडतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून कव्हरचं काम दबण्याचं आहे. ‘जाड म्हणजे भक्कम’ ही समजूत इथेच गळून पडते. कडक प्लॅस्टिकचं जाडजूड कव्हर दबतच नाही, आलेला धक्का जवळपास तसाच आत पोचवतं. त्यापेक्षा टीपीयू नावाच्या मऊ, लवचीक प्लॅस्टिकचा, कोपऱ्यांत हवेची पोकळी ठेवलेला बारीक बंपर बरा. फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावर नाहीतर कडेवर पडतो, आणि बंपर नेमका तिथेच असतो.

मात्र बारीक बंपरला मर्यादा आहे आणि ती वेल्ह्याच्या बाजूला लगेच उघडी पडते. पडद्याभोवती बंपरची कड सुमारे एक मिलिमीटर वर आलेली असते. फरशीसारख्या सपाट जागी फोन पालथा पडला तर ही कड टेकते, काच अधांतरी राहते. पण चोरदरवाज्याच्या वाटेवर किंवा तोरण्याच्या रेलिंगपाशी सपाट काय आहे? तिथं बोराएवढा टोकदार खडा कड ओलांडून थेट काचेला भिडतो. मागची बाजू तर बंपरमध्ये उघडीच असते, आणि आजकाल बऱ्याच फोनना मागेही काचच असते. तिथं ८१० काय नि आणखी काय, कुठलाच आकडा मदतीला येत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, पण ऐकून ऐकून कान किटलेत.

कव्हरमुळे रेंज जाते म्हणतात. रबर-प्लॅस्टिकनं जात नाही, वेल्ह्यात ती डोंगरामुळे जाते. उलट २०१० साली आयफोन ४ची कड हातात धरली की सिग्नल पडायचा, तेव्हा ॲपलनं गिऱ्हाइकांना बंपर फुकट वाटले होते. धातूचा बंपर मात्र अडथळा करू शकतो, तो घेऊ नका.

बंपर घातला म्हणजे फोन वॉटरप्रूफ, हे तर कुठून आलं कोण जाणे. पाणी अडवायचं काम फोनच्या आतल्या सीलचं. जुलैत पानशेतला भिजून आलात तर घरी गेल्यावर बंपर काढा, कडेला पाणी आणि चिखल साचलेला दिसेल. तो पुसला नाही तर बारीक कण कडेला घासत राहतात. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ आहे, फोनच्या काचेवर साधारण ६लाच ओरखडे उठायला लागतात.

पारदर्शक कव्हर पिवळं पडतं ते मळानं नव्हे, ऊन आणि उष्णतेनं. साबण फुकट जाईल.

चार्जिंगला फोन तापतो म्हणून कव्हर काढावं, हे खरं आहे. पण बंपरला पाठच नसते, त्याच्याबाबतीत हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

दुकानात पाकीट वाचत बसू नका, बंपर फोनला चढवून बघा. कोपरा अंगठ्यानं दाबा, दबून परत आला पाहिजे. फोन काउंटरवर पालथा ठेवून हलक्या हातानं सरकवा. काच घासल्याचा आवाज आला तर कड पुरेशी उंच नाही. टेम्पर्ड ग्लास लावलेली असेल तर ती लावूनच बघा, कारण तिच्या जाडीनं कडेची उंची खाल्ली जाते. एका कोपऱ्यातून बंपर ओढून पाहा. बोटानं सहज निघतो तो आपटल्यावरही निघेल, आणि पहिल्या टप्प्यानंतर फोन उघडाच घरंगळेल. कॅमेऱ्याची काच पाठीपेक्षा वर आलेली असेल तर बंपरची मागची कड तिच्याहून उंच हवी.

घर, ऑफिस, एसटीचा प्रवास एवढंच असेल तर चांगला बारीक बंपर पुरतो, वजनही वाढत नाही. शेतावर जाणाऱ्यानं, गड चढणाऱ्यानं पाठ झाकणारं कव्हर घ्यावं. आणि चोरदरवाज्याच्या शेवटच्या चढावर दोन्ही हात रेलिंगला हवेत. फोन सॅकच्या चेनच्या कप्प्यात टाका, फोटो पद्मावती माचीवर पोचल्यावर काढा.