अन्न अंगी केव्हा लागते?

आजारी मूल जेवले नाही की सारे घर अस्वस्थ होते. आपल्या घरांत याबाबत पूर्वीपासून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पोटात काही गेल्याशिवाय ताकद येणार कशी? दुसरा लंघनाचा. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या मनातही हाच प्रश्न असतो: त्याच्या पोटात काही गेले का? वैद्यकशास्त्राने गेल्या काही वर्षांत याचे जे उत्तर शोधले, ते समजण्यास आपल्याच भाषेतला एक शब्दप्रयोग उपयोगी पडतो. आपण म्हणतो, 'खाल्लेले अंगी लागत नाही.' गंभीर आजारात हे बरेचसे शब्दशः खरे असते.

समजा, मुलाला तीव्र न्यूमोनिया झाला आहे. जंतूंची चाहूल लागताच रक्तातील पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. त्यांचा निरोप मेंदूला पोचला की ताप चढतो, भूक मरते, मूल मलूल पडून राहते. त्याच वेळी अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि यकृतातील साखरेचा साठा मोकळा होतो. मुलांत हा साठा लहान असतो, लवकर सरतो. मग स्नायूंतील प्रथिने मोडून यकृत त्यांपासून नवी साखर बनवते. इन्शुलिनचा प्रभावही कमी होतो. त्यामुळे स्नायू साखर कमी घेतात आणि ती मेंदूला व जंतूंशी लढणाऱ्या पेशींना मिळते. मधुमेह नसलेल्या मुलाची रक्तशर्करा अशा वेळी वाढलेली दिसते ती यामुळेच.

मुलाच्या शरीराला मोठ्या माणसापेक्षा एक खर्च जास्त असतो, तो वाढीचा. गंभीर आजारात शरीर हे काम थांबवते. मूल व्हेंटिलेटरवर असेल तर हालचाल नसते आणि श्वासाचे कष्टही यंत्र उचलते. त्यामुळे आजार मोठा असूनही ऊर्जेची गरज आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळदा कमी असते.

पूर्वी मात्र असा समज होता की, नळीने पुरेसे अन्न जात नसेल तर उरलेली भर शिरेवाटे लगेच घालावी. या समजाची कसोटी बेल्जियममधील ल्यूव्हेन, नेदरलँड्समधील रॉटरडॅम आणि कॅनडातील एडमंटन येथे लागली. एकूण 1440 मुलांचे दोन गट केले. एका गटाला पहिल्या 24 तासांतच शिरेवाटे पोषण सुरू केले. दुसऱ्या गटाला आठवडाभर ते दिले नाही. 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लवकर पोषण मिळालेल्यांपैकी 18.5 टक्के मुलांना नवा जंतुसंसर्ग झाला, थांबलेल्या गटात 10.7 टक्के मुलांना. थांबलेल्या गटातील मुले अतिदक्षता विभागातून लवकर बाहेरही पडली. मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता.

असे का व्हावे? पेशी आपल्यातील मोडके भाग स्वतःच मोडून पुन्हा वापरते. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात; तिच्यावरील कामासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. आजारात पेशींची हानी होते, तेव्हा ही साफसफाई फार गरजेची असते. पेशीत शिरलेले जंतूही तिच्यामुळे नष्ट होतात. बाहेरून प्रथिनांचे घटक मुबलक आले की ही क्रिया मंदावते. शिरेवाटे दिलेल्या पोषणाचा अपाय बहुधा या मार्गाने होत असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

यावरून लंघनवाल्यांनी आपला विजय झाला असे मानू नये. वरील प्रयोगात दोन्ही गटांना नळीवाटे पोटात अन्न देणे चालूच होते. जीवनसत्त्वे व क्षारही सर्वांना दिले होते. साखर कमी होऊ न देण्याकडे लक्ष होते, कारण मेंदूला ती क्षणभरही कमी पडून चालत नाही. हा निष्कर्ष अतिदक्षता विभागातील पहिल्या आठवड्यापुरता आहे. घरी ताप किंवा जुलाब झालेल्या मुलाचे अन्न तोडणे धोक्याचे असते. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध चालूच ठेवावे, जुलाबात जलसंजीवनी द्यावी आणि थोडे थोडे खायला घालावे.

आजाराचा जोर ओसरला की सायटोकाइन उतरतात, इन्शुलिनचा प्रभाव परततो, भूक लागते आणि थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. झिजलेले स्नायू भरून काढायला तेव्हा भरपूर अन्न लागते, आणि ते महिनोन्‌महिने लागू शकते. घरच्यांच्या हातात खरे काम येते ते या वेळी. पहिल्या दिवसांत डॉक्टर 'आज इतकेच' म्हणाले तर त्याला हेळसांड समजू नये. मात्र मूल घरी नेताना त्याचे वजन किती घटले, रोज काय व किती द्यायचे आणि वजन पुन्हा केव्हा पाहायचे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नये.